रंगवलेलं शेत

निकोलाने क्लिफर्डला पहिल्याच भेटीत 'क्लिफ' म्हटलं आणि त्याने ते चालवून घेतलं, तिथूनच माझ्या पोटात दुखायला लागलं. मला त्याला क्लिफ म्हणायला सात वर्षं लागली होती. आधी मिस्टर एंट्विसल, मग क्लिफर्ड. मग एकदा त्याने एकाच मालधक्क्याचं छप्पर तिसऱ्यांदा बदललं, तेव्हा रागाच्या भरात माझ्या तोंडून 'अरे क्लिफ' निघून गेलं आणि पुढे ते तसंच राहिलं. ही बाई आली, ओला कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाली, "क्लिफ, तुमची सगळी स्टेशनं पाहिलीत मी." झालं. स्वारी खूश.

आमचा उद्योग काय ते सांगतो, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही तो अजून कळलेला नाही. इंग्लंडच्या आमच्या या उत्तरेकडच्या भागात साठ वर्षांपूर्वी बंद पडलेले रेल्वेमार्ग आम्ही संगणकात पुन्हा बांधतो. ज्याला हवं त्याने ते फुकट उतरवून घ्यावेत आणि घरबसल्या वाफेची गाडी हाकावी. रूळ, चढउतार, ओढे, कुंपणं माझ्याकडे. स्टेशनं, गोदामं, सिग्नलच्या केबिनी क्लिफकडे. एकोणीस वर्षांत आम्ही चार मार्ग बांधले. चारहींवर दोनच नावं आहेत, क्लिफर्ड एंट्विसल आणि डेस्मंड हॅलोज. तो स्टेनफर्थच्या शाळेत लाकूडकाम शिकवायचा, मी पोस्टात होतो. दोघेही निवृत्त झालो आणि दुसरं काही येत नसल्यामुळे हेच करत राहिलो.

फोटो वाचणं ही माझी खासियत. युद्ध संपल्यावर हवाई दलाने सगळा देश वरून टिपून ठेवला होता. शेजारशेजारचे दोन फोटो जोडभिंगाखाली ठेवले की जमीन उचलून वर येते, भराव भरावासारखा दिसतो आणि खोदाई खोदाईसारखी. सावली मोजून मी सिग्नलच्या खांबाची उंची सांगतो. कोळशाचा ढीग आणि खडीचा ढीग यांतला फरक मला कळतो. या बाबतीत डेसचा हात धरणारा कोणी नाही, असं क्लिफच चारचौघांत सांगायचा. तो ते सांगायचा तेव्हा मी खिडकीबाहेर बघत असायचो, पण एक शब्द चुकवत नसे.

निकोला चव्वेचाळीस वर्षांची, काउंटीच्या रस्ते खात्यात मोजणीचं काम करणारी. तिच्याकडे उडणारा कॅमेरा होता, विमानातून लेझरने मोजलेल्या उंचीचे आकडे होते, आणि लोकांना आपलंसं करण्याची भलतीच हातोटी होती. चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही सात जण दर शनिवारी जमतो. महिन्याभरात त्यातले पाच तिच्यासाठी आल्याची बिस्किटं आणायला लागले. सहावा क्लिफ. सातव्याने आपली बिस्किटं आपणच खाल्ली.

खरा घाव बसला तो स्टेनफर्थ फाट्यावरून. अकरा मैलांचा हा रेल्वेचा फाटा क्लिफच्या लहानपणाचा, त्याच्या घरासमोरून जाणारा. सहा वर्षं तो माझ्या मागे लागला होता की हा घेऊ या, आणि मी फोटो पुरेसे नाहीत म्हणून टाळत होतो. फोटोंची सबब खोटीच होती. तो एकेका दगडावरून माझ्याशी भांडणार आणि दहा वर्षं त्यातच जाणार, ही भीती होती. निकोलाने एका संध्याकाळी सहज विचारलं, "क्लिफ, स्टेनफर्थ करायचं का आपण?" आणि तो हो म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा, पण हो म्हणून झाल्यावर.

पुढच्याच आठवड्यात त्याचा फोन आला. मंगळवारी निकोला येतेय, तू शनिवारी भेटशीलच, असं म्हणाला. मंगळवार माझा होता. एकोणीस वर्षं मंगळवारी दुपारी मी त्याच्याकडे जायचो, त्याची बायको मॅव्हिस मटण-बटाट्याचं हॉटपॉट करायची, वर व्हिनेगरमधली लाल कोबी, आणि मग आम्ही पाचपर्यंत भांडायचो. मी फोनवर म्हणालो, बरं बरं, मला पण कामं आहेत. कामं कसली डोंबलाची. त्या मंगळवारी मी घरी टोस्टवर बीन्स घालून खाल्ले आणि ठरवलं की स्टेनफर्थ फाटा मी एकटाच बांधणार, त्यांच्या आधी, त्यांच्यापेक्षा चांगला. त्याच दुपारी हवाई फोटोंच्या सरकारी दप्तराकडे फाट्याच्या सगळ्या फोटोंची मागणी पाठवून दिली. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

फोटो मार्चच्या मध्यात आले. पाठीवर दप्तराचा शिक्का आणि तारीख, अकरा मार्च. पहिल्याच रात्री बघायचे नाहीत, सकाळच्या उजेडात बघायचे, हा माझा नियम. सकाळी भिंग लावलं आणि स्टेनफर्थच्या पुढे दोन मैलांवर, ब्रॅकन मॉस नावाच्या दलदलीपाशी, माझा हात थांबला. फाट्याच्या मुख्य रुळातून एक रूळ डावीकडे वळत होता. पुढे त्याला अकरा फाटे. गवताने झाकलेल्या लांबट कोठारांच्या रांगा, भोवती मातीचे बांध, आणि वळणाच्या सुरुवातीलाच एक बुटका लांब फलाट. सत्तेचाळीस सालच्या जूनमधला फोटो. दारूगोळ्याचं कोठार होतं ते. कुठल्याही छापील नकाशावर नाही, वेळापत्रकात नाही, कारण अशा ठिकाणच्या कामगारांच्या गाड्या वेळापत्रकात छापतच नसत.

निकोला ज्यावर काम करत होती तो फोटो वेगळा होता, आणि तो माझ्याही ओळखीचा होता. त्या काळी सरकारी नकाशे करणाऱ्यांनी असे शेकडो फोटो जोडून मोठे तक्ते केले, लोकांना विकत घेता यावेत म्हणून. आता ते घरबसल्या बघता येतात. पण लोकांच्या हातात जाणार म्हटल्यावर गुप्त ठिकाणं तशीच कशी ठेवायची? मग कुणी कारागीर बसवायचा आणि तो ब्रश घेऊन कोठारावर शेत रंगवायचा. हे मी ऐकून होतो, पाहिलं कधी नव्हतं. मी तक्ता काढला आणि ब्रॅकन मॉसवर भिंग धरलं. सुरेख शेत होतं. नांगराच्या रेघा, कडेने झुडपांचं कुंपण, कोपऱ्यात एक झाड. आजूबाजूच्या प्रत्येक कुंपणाची सावली ईशान्येला पडली होती. या एका शेताच्या कुंपणाला सावलीच नव्हती. कारागीर सावली काढायला विसरला होता.

मी खूप वेळ हसत बसलो. निकोला त्या शेतात गहू पेरणार होती. तिच्या लेझरच्या आकड्यांतही काही सापडणार नव्हतं, कारण बहात्तर साली तिथे सुट्टीसाठीच्या कॅरॅव्हॅनचा, म्हणजे चाकांवरच्या घरांचा, तळ झाला तेव्हा बुलडोझरने सगळं सपाट केलं होतं. मी ठरवलं, गप्प बसायचं. त्यांना मार्ग पुरा करू दे, सगळ्या देशातल्या आमच्यासारख्या वेड्यांसमोर मांडू दे. मग मी हा एक फोटो लावणार. खाली फक्त तो टिपल्याची तारीख.

दोन आठवड्यांनी, शनिवारी, तिने पडद्यावर तिचं काम दाखवलं. चांगलं होतं. चांगलं होतं म्हणूनच माझा तिळपापड झाला. गाडी स्टेनफर्थ सोडून पुढे निघाली, ब्रॅकन मॉसपाशी आली, आणि क्लिफ म्हणाला, "थांबव. इथे फलाट होता."

निकोलाने थांबवलं. तो उठून पडद्याजवळ गेला आणि सांगायला लागला. तो पाच वर्षांचा असताना त्याला सांभाळणारी मावशी आजारी पडली, मुलाला कुणाकडे ठेवायचं कळेना, म्हणून आईने त्याला दोन दिवस कामावर नेलं. स्टेनफर्थनंतर गाडी हळू झाली आणि डावीकडे वळली. फलाट रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांचा होता. तिथे एका खोपटात बसलेली बाई उतरणाऱ्या प्रत्येकाकडून काड्यापेट्या काढून घ्यायची. तिने याचाही खिसा तपासला, टॉफी निघाली, ती परत दिली. घरांच्या छपरांवर गवत उगवलेलं होतं. आई तिथे काय करायची ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही.

चहाचं बघणारे आमचे म्हातारे रोनाल्ड बिबी म्हणाले की ते ग्रेव्हनशॉचं दारूगोळ्याचं कोठार असणार, बारा मैल पलीकडचं, ते सगळ्यांना माहीत आहे. निकोला खुर्ची सोडून क्लिफजवळ गेली. लहानपणीच्या दोन जागा मनात एक होतात, असं तिने फार हळुवारपणे सांगितलं. तो तिच्याकडे बघून मान हलवत होता, पण त्याला पटलं नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला.

"डेस, फोटो वाचणारा तू. बघ आणि सांग."

मी तक्त्यावर भिंग धरलं. गरज नव्हती, पण धरलं. सावली नसलेलं कुंपण बघितलं, कोपऱ्यातलं झाड बघितलं. कित्येक महिन्यांनी खोलीतले सगळे माझ्या बोलण्याची वाट बघत होते. निकोलासुद्धा.

"शेत दिसतंय, क्लिफ," मी म्हणालो. "नांगरलेलं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, अशी मी घरी जाताना बसमध्ये मनाची समजूत घातली.

एप्रिलमध्ये क्लिफ दोन शनिवार आला नाही. मे महिन्यात अजिबात नाही. निकोला यायची, क्लिफची तब्येत जरा बरी नाही असं म्हणायची, आणि मी तोंड फिरवायचो. त्याच्या तब्येतीची खबर मला हिच्याकडून कळायची! दोघं मिळून मंगळवारीच नाही, आठवडाभर काम करत असणार, असं मी मनाशी पक्कं केलं. मी घरी रात्रंदिवस संगणकात अकरा फाटे टाकत होतो. कोठारांवर गवत लावलं. फलाट मात्र ठेवून दिला होता. फलाट, खोपटं ही कामं क्लिफची, ती माझ्या हातून कधी नीट होत नाहीत.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी बाजारात चीजच्या गाड्यापाशी मॅव्हिस भेटली. अर्धी झाली होती. क्लिफला विस्मरणाच्या दवाखान्यात नेतात, असं तिने सांगितलं. डॉक्टर अजून नक्की काही सांगत नव्हते. चाचण्यांत एकदा बरा निघायचा, एकदा नाही. पण त्याने स्वतःच निकाल लावून टाकला होता. गाडीच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. गॅस तीन-तीनदा बघतो. बोलताना मध्येच थांबून, हे असंच झालं होतं ना, असं तिला विचारतो. संगणक उघडत नाही, कारण जी स्टेशनं आठवणीतून बांधली ती खरी कशावरून. दवाखान्यात निकोला नेते, मॅव्हिसला गाडी येत नाही ना.

मला सगळ्यात आधी काय वाटलं ते सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. मला वाटलं, दवाखान्यातसुद्धा तीच. मी विचारलं, "मला का नाही कळवलंत?"

मॅव्हिसने चीजची पुडी पिशवीत ठेवली. "तुझं नाव मी काढलं होतं, डेस्मंड. म्हटलं, तो शेताचा फोटो डेसला परत एकदा बघायला सांगू. तर म्हणाला, डेस चुकत नाही. आईचा हात धरून मी तिथे उतरलो होतो, मॅव्हिस, आणि डेस म्हणतो शेत आहे. मग आईचा हात तरी कशावरून?"

मी तिला बसपर्यंत सोडलं. पिशवी माझ्याकडे दे म्हणायचंही सुचलं नाही.

शनिवार गेला, रविवार गेला. मी फोटो तीनदा पाकिटात घातला आणि तीनदा बाहेर काढला. पोस्टाने पाठवावा, चिठ्ठीत लिहावं की आत्ताच आला, हेही डोक्यात येऊन गेलं. मंगळवारी दुपारी तीनला मी त्याच्या दारात उभा होतो.

क्लिफ खिडकीपाशी बसला होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला आणि लगेच सावध झाला. आज कुठला वार, मी का आलो, हे तो मनात तपासत होता, ते मला दिसलं. मी खुर्ची ओढली. फोटो त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि भिंग हातात दिलं.

त्याला सापडायला वेळ लागला नाही. एवढी वर्षं मी फोटो वाचले, पण माणसाला फोटोत आपलं लहानपण सापडताना पहिल्यांदाच पाहिलं. त्याचं बोट रुळावरून डावीकडे वळलं, फलाटावर गेलं, फलाटाच्या टोकाला एक पांढरा ठिपका होता तिथे थांबलं.

"खोपटं," तो म्हणाला. "काड्यापेट्यावालीचं."

मग तो रडला. मॅव्हिस स्वयंपाकघरातून आली, तिने फोटो पाहिला, त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी तिचा नवरा पाण्यातून काढून आणला. ती चहा ठेवायला आत गेली. क्लिफ भराभर बोलत होता. टॉफी कुठली होती, आईने कुठला रुमाल बांधला होता, कोठारांच्या दारांना तांब्याच्या कड्या होत्या कारण लोखंडाने ठिणगी उडते. एकही वाक्य त्याने मध्ये थांबून तपासलं नाही. मला वाटलं, सुटलो. आता मंगळवार परत येतील.

त्याने फोटो उलटा केला, शिक्का बघायला. आम्ही नेहमीच बघतो, कुठल्या उड्डाणातला, कितवा.

"अकरा मार्च," तो म्हणाला.

"हं."

"म्हणजे त्या शनिवारच्या आधी." त्याने शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू उतरत गेलं. "तू मला हा मार्चमध्येच दाखवला असशील."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"दाखवलाच असणार. तुझ्याकडे आला आणि तू माझ्यापासून ठेवलास, असं कसं होईल? तू आणलास, मी पाहिला आणि विसरलो. आणि मग शनिवारी सगळ्यांसमोर तुला विचारत बसलो. म्हणून तू शेत म्हणालास. चारचौघांत माझी शोभा नको म्हणून." त्याने खुर्चीच्या फटीतून एक छोटी वही काढली. दवाखान्याने दिलेली होती. काय काय विसरलो ते त्यात रोज लिहायचं. त्याचं अक्षर अजून शाळेच्या फळ्यावरचं होतं, ठसठशीत. त्याने तारीख घातली आणि लिहिलं: मार्च, डेसने ब्रॅकन मॉसचा फोटो दाखवला. अजिबात आठवत नाही.

त्याखाली त्याने रेघ ओढली.

मी गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. माझी मैत्री शाबूत राहिली असती. हे मला त्या क्षणी स्पष्ट कळत होतं, भिंगाखाली कळतं तसं.

"खोड ते," मी म्हणालो.

"काय?"

"मी दाखवला नव्हता, क्लिफ. तू काही विसरला नाहीस. फोटो माझ्या टेबलाच्या खणात होता."

त्याने पेन खाली ठेवलं नाही. "शनिवारी भिंग घेऊन बसलास, तेव्हा तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"का?"

मी बरीच उत्तरं जुळवून आणली होती. तोंडातून एकच आलं. "तू माझे मंगळवार तिला दिलेस."

तो हसेल असं मला वाटलं, कारण मोठ्याने म्हटल्यावर ते इतकं क्षुल्लक वाटलं. तो हसला नाही. "मी किल्ल्या देऊन टाकल्या, डेस," एवढंच म्हणाला. मग त्याने वही जवळ घेतली, लिहिलेली ओळ एका सरळ रेघेने खोडली आणि खाली दुसरं लिहिलं. मी वाचलं नाही. वाचण्यासारखं असतं तर त्याने दाखवलं असतं.

"पाचला निकोला येईल," तो म्हणाला. "हा तिला मी दाखवतो. तू थांबू नकोस."

मॅव्हिस चहाचे तीन कप घेऊन येत होती. मी कोट घेतला आणि तिच्या बाजूने निघून गेलो.

फाटकाबाहेर गल्लीच्या वळणावर निकोलाची गाडी दिसली. ती लवकरच आली होती. मला बघून तिने गाडी थांबवली, काच खाली केली, आणि तुम्ही आलात हे फार बरं केलंत, क्लिफ तुमची रोज आठवण काढतात, असं म्हणाली. मग आवाज उतरवून तिने विचारलं, "आज कसे आहेत?"

"बरा आहे," मी म्हणालो. "त्याला सगळं आठवतंय."